सात दगडांच्या वरचा माळ

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावर घर बघायला लोक रविवारी गाड्या करून येतात. संध्याकाळी धरणाकडेच्या आमच्या रस्त्यावर नुसती जत्रा भरते. रिटायर झालेले गुरुजी पांढरे बूट घालून झपाझप चालतात, तळलेल्या माशांच्या गाड्यांपुढे रांगा लागतात, आणि ज्यांच्या बाल्कनीतून पाणी दिसतं ते लोक, ज्यांच्या बाल्कनीतून दिसत नाही त्यांना, मुद्दाम चहाला बोलावतात. पाण्याकडे तोंड असलेल्या खिडकीचा भाव वेगळा, पाठ असलेल्या खिडकीचा वेगळा. गिऱ्हाईक मला पहिला प्रश्न तोच विचारतं, "मॅडम, पाणी घरात तर येणार नाही ना?" मी त्यांना चहा पाजते, नकाशा दाखवते आणि मग उतारावरून खाली नेऊन सात शेंदरी दगडांपाशी उभं करते. माझा सगळा धंदा त्या सात दगडांवर उभा आहे. तो मी कसा शिकले हे सांगायचं तर आधी माझीच फजिती सांगावी लागेल. या वयात त्याची मला काडीची लाज वाटत नाही, कारण शेवटी जिंकलो आम्हीच.

त्या वेळी या माळावर आमचं एकट्याचं घर होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे जाळीची वाघर लावून आत कोंडलेली मेंढरं, आणि भोवती कुसळं. सकाळ उजाडायची ती घंटांच्या आवाजानं. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा जड होती, तिचा आवाज आधी यायचा आणि मग बारक्यांची किणकिण. आत माय चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा उकळायची, भाकरी थापायची, आणि तव्यावर येसर पडली की तो वास पार बांधापर्यंत जायचा. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजून दळलेला मसाला. चिमूटभर येसर, पाणी आणि मीठ एवढ्यावर माय अशी आमटी करायची की आबा तीन भाकऱ्या बोलता बोलता संपवायचे. धरण झाल्यापासून आमच्या ताटात मासेही आले होते. मायला आधी ते आवडत नव्हते, नंतर तिच्याइतके कुणाला जमेनात. आज माझ्या स्वयंपाकघरात गॅस आहे, चिमणी आहे, सगळं आहे. पण येसर मी अजून मायच्याच खलबत्त्यात कुटते, सूनबाई हसली तरी.

आबा वर्षातले सहा महिने घरी नसत. मेंढरं घेऊन धारूरच्या डोंगराकडे, कधी त्याच्याही पलीकडे. तलाठी आला, मोजणीवाला आला, तर घरात सही-अंगठ्याला माणूस पाहिजे, म्हणून त्यांनी आठ एकरांचा हा माळ घेतानाच मायच्या नावावर केला होता. तेव्हा गावात त्यांना लोक हसले होते. दगडधोंड्यांचा माळ तो, त्यात ज्वारीसुद्धा धड येत नव्हती. खाली काळीशार जमीन होती, पण ती धरणाच्या पोटात गेलेली. पाणी ओसरलं की तिच्यावर लोक हरभरा, काकडी, टरबूज लावायचे, आणि पाणी चढलं की पुढच्या वर्षापर्यंत विसरायचे.

मग कोरडी वर्षं आली. पाच, दहा, बारा वर्षं धरण भरलंच नाही. पाणी मागे मागे सरकत गेलं. ज्या पोरांनी ते कधी वर चढलेलं बघितलं नव्हतं ती आता मिसरूड फुटून हिंडायला लागली होती. सरकारनं धरणाच्या हद्दीला रोवलेले चौकोनी दगड होते, तेही एकेक करून गायब झाले. कुणाच्या घराच्या पायात गेले, कुणाच्या गोठ्याच्या. आमच्याकडे चांगला घडीव दगड रानात फार दिवस उघडा राहत नाही. सातबाऱ्यावर खालच्या जमिनीला अजून जुन्याच मालकांची नावं होती, कारण नोंद कुठल्या तरी कपाटात रखडली होती. अशा वेळी गोविंदशेठ आला.

गोविंदशेठ मूळचा इकडचाच, पण पंधरा-वीस वर्षं मुंबईच्या पलीकडे समुद्राकाठच्या एका उपनगरात राहून आलेला. तिथं म्हणे त्यानं डोळ्यांदेखत बघितलं होतं की एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समुद्राकडची खोली आणि रस्त्याकडची खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक. "माणूस पाण्यात राहत न्हाई, पाण्याकडं बघण्यात राहतो," असं तो सांगायचा, आणि सांगताना स्वतःच खूश व्हायचा. त्यानं जुन्या मालकांकडून खालची काळी जमीन कागदावर घेतली, पांढऱ्या फक्कीनं प्लॉट आखले, कमान उभारली, रंगीत छत्र्या आणल्या, आणि कहर म्हणजे नारळाची रोपं लावली. बीड जिल्ह्यात नारळ! आमच्या मेंढरांनी असलं कोवळं काही आजवर खाल्लं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी पहिली रांग फस्त केली.

शेठ भांडायलाच आला. पांढरी पँट, काळा चष्मा, आणि आमच्या दारात मेंढरांच्या लेंड्या. आबांनी त्याला घोंगडी टाकून बसवलं, मायनं पाणी दिलं. चहा अर्धा होईस्तोवर त्याचं भांडण विरून गेलं, कारण त्याची नजर आमच्या माळावर गेली होती. मोठ्या रस्त्यावरून त्याच्या प्लॉटांकडे यायचं तर वाट आमच्याच माळावरून होती. जाता जाता त्यानं मला विचारलं, "बारावी झाली का गं? बोलती कशी?" मी शाळेत वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली. मी असं काही शुद्ध बोलून दाखवलं की त्यानं मला रविवारच्या गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायचं काम तिथंच देऊन टाकलं.

खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडलं. दिंद्रुड, माजलगाव, पार बीडहून माणसं जीपनं यायची. मी पांढरी ओढणी घेऊन पुढे चालायची आणि सांगायची, "इथं सकाळी उठलात की दारात पाणी. संध्याकाळी थंड वारा. मुलांना फिरायला किनारा." मध्ये शेठनं एक नमुना बंगला बांधला होता, आणि त्या बंगल्याला बाल्कनी होती. मी तोपर्यंत बाल्कनी फक्त चित्रात बघितलेली. गिऱ्हाईक गेलं की मी एकटी वर जाऊन कठड्याला टेकून उभी राहायची. खाली काळं रान, पलीकडे चमकणारं पाणी, आणि मी जणू कुठल्या तरी वेगळ्याच देशात. पत्र्याच्या घरी परतताना मला आमच्या घराची लाज वाटायची. आता वाटते ती त्या लाजेची.

म्हणून शेठनं जेव्हा सौदा सांगितला तेव्हा घरात सगळ्यात जास्त नाचले ती मी. आठ एकर माळ त्याला द्यायचा आणि बदल्यात पाण्याकडच्या पहिल्या रांगेतले दोन प्लॉट, त्यावर अगदी नमुन्यासारखा बंगला, बाल्कनीसकट. आबांना मीच पटवलं. "मेंढरामागं किती दिवस फिरणार, आबा? पाय दुखत्यात म्हणता ना?" आबांनी दोन दिवस विचार केला आणि शेठच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. पुढच्या सोमवारी रजिस्ट्री ठरली. माय भाकरी थापत राहिली, आणि मी समजले की तिला पटलं.

त्याच आठवड्यात आसरांची गोष्ट निघाली. साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता, सात बहिणी. पाण्याच्या कडेला सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावतात, दहीभात आणि हिरव्या बांगड्या वाहतात. आमच्या माळाच्या खालच्या कडेला असे सात दगड होते, आणि मायची पूजा कधी चुकली नव्हती. शेठला वाटलं, गिऱ्हाइकाला देवस्थान दाखवलं तर बरं. पण हे दगड पाण्यापासून लांब, कोरड्या रानात. त्यानं खाली पाण्याजवळ चकाकत्या फरशीचं छोटं देऊळ बांधलं आणि मायला म्हणाला, "वहिनी, आसरा पाण्याकडं पाहिजेत. हितं कोरड्यात बिचाऱ्या काय करतात? खाली नेऊ."

माय हात पुसत बाहेर आली. "त्या न्हाई जायच्या कुटं," ती म्हणाली. "पाणीच येतंय त्यांच्याकडं."

शेठ हसला. मीही हसले. शेठ गेल्यावर मी मायला जरा रागानंच म्हणाले, "कावून अडून बसली गं? चांगलं देऊळ बांधलंय त्यांनी." तेव्हा ती चुलीपुढे बसली आणि तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. "धरण पयल्यांदा भरलं तवा तू पाळण्यात व्हती. नदीवरल्या जुन्या आसरा बुडाल्या. म्या वाट बघितली. पाणी चढत चढत आलं, आन जितं थांबलं तितं म्या नवी दगडं मांडली. बायांचं पाय पाण्यात आन डोस्कं कोरडं. त्याच्या वर पाणी कदी आलं न्हाई, पर तितवर दोनदा आलंय."

मला तोपर्यंत वाटायचं ते दगड तिथं युगानुयुगं आहेत. मी उठून दारात गेले आणि खाली बघितलं. दगड, त्यांच्याखाली उतार, आणि उताराच्या तळाशी माझा लाडका बंगला. बंगला दगडांच्या बराच खाली दिसत होता. पण डोळ्यांचा अंदाज फसवा असतो, आणि मला, खरं सांगते, मायचं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं.

बंगल्याचं गवंडीकाम करणारे बशीरचाचा माझ्याशी मायेनं बोलायचे. त्यांच्याकडे पातळी बघायची प्लॅस्टिकची लांब नळी होती. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला राहतं, रान कितीही उताराचं असो. शनिवारी सकाळी मी त्यांना गळ घातली. वरचं टोक मी दगडाच्या पायाशी धरलं, खालचं टोक चाचांनी बांबूला लावलं. बांबूवर पाणी जमिनीपासून किती हात वर आहे ते मोजायचं, लिहायचं आणि पुढे सरकायचं. असं करत करत आम्ही उतार उतरलो. चाचा आधी गाणं गुणगुणत होते, निम्म्यात ते थांबलं. सगळे हात मिळून भरले साडेनऊ. मग तेवढंच माप चाचांनी बंगल्याच्या भिंतीवर खालून वर घेतलं. पायरी गेली, दार गेलं, छज्जा गेला, आणि माप संपलं ते बाल्कनीच्या कठड्यावर. बरोबर तिथं, जिथं मी हात टेकून उभी राहायची.

चाचांनी तिथं गेरूचा पट्टा ओढला आणि खाली बसले. "पानी झूट नै बोलता बेटी," ते म्हणाले. "म्या हे घर बांधलं, पर पाताळात बांधलं."

मी पळत घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते का. ती ठेचा वाटत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मला काय सांगती? मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या लोकान्ला सांग. तुलाच बोलायला ठिवलंय नव्हं?"

रविवारी दोन जीप भरून माणसं आली. खुर्च्या मांडल्या, उसाचा रस फिरला. शेठ पुढच्या खुर्चीत, आणि शेजारी आबा, नव्या धोतरात, कारण दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री होती. मी उभी राहिले. मी नेहमीसारखीच सुरुवात केली, कारण मला दुसरी येत नव्हती. "इथं सकाळी उठलात की दारात पाणी," मी म्हणाले, आणि मग बाल्कनीकडे हात केला. "आणि धरण भरलं की पाणी दारातून आत येऊन, जिना चढून, त्या लाल पट्ट्यापर्यंत. काल आम्ही मोजलंय."

रसाच्या गाडीचा घुंगरू तेवढा वाजत राहिला. शेठ हसत म्हणाला, "पोरगी थट्टा करती." पण चष्मा लावलेले एक म्हातारे गुरुजी उठले आणि म्हणाले, "थट्टा असली तर पुन्हा मोजून दाखवा." बशीरचाचा नळी खांद्यावर टाकून आधीच तयार होते. सगळी वरात दगडांपासून खाली आली, प्रत्येक बांबूवर गुरुजी स्वतः वाकून बघत होते, आणि दुसऱ्यांदाही माप पट्ट्यावरच संपलं. माणसं गुपचूप जीपमध्ये बसायला लागली. ज्यांनी बयाणा दिला होता ते शेठभोवती जमले.

सगळे गेल्यावर शेठ माझ्यापुढे आला. "कावून बोलली गं लोकांत? मला आधी सांगायचं व्हतं."

"तुमी पट्टा पुसला असता," मी म्हणाले.

त्यानं वळून आबांकडे बघितलं. आणि आबा बोलले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "शब्द दिलता म्या! धनगराचा शब्द. उद्या रजिस्ट्री व्हणार."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. "शब्द तुमचा, माळ माझा," ती म्हणाली. "पाणी एकडाव येऊन जाऊ द्या. मग बी बंगला कोरडा ऱ्हायला, तर म्या दोन्ही हाताचं अंगठं देते."

आबा त्याच दिवशी मेंढरं घेऊन धारूरच्या डोंगराकडे निघून गेले. त्यानंतरचे महिने मला आजही जड जातात. घरात आम्ही दोघी. गावात मला पोरं 'बाल्कनी' म्हणून हाक मारायची. पावसाळा आला तसा गेला, आमच्याकडे जेमतेम रिमझिम, धरणाचा तळ तसाच. शेठ प्लॉटावर छत्रीखाली बसून लोकांना सांगायचा, "कुठं हाय ते पाणी? पोरीच्या नळीत?" मी रोज सकाळी उठून खाली बघायची, आणि मनात म्हणायची, ये की बाई आता. शेठची फजिती व्हावी म्हणून नाही. आबा घरी यावेत म्हणून.

आणि ते आलं. आमच्याकडे लख्ख ऊन पडलेलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि वरच्या मुलखात कुठं तरी परतीचा लई पाऊस झालेला. कालवे, ओढे सगळीकडून पाणी ओतायला लागलं. पहिल्या दिवशी काकड्यांचे वेल गेले. दुसऱ्या दिवशी शेठचं चकाकतं देऊळ गेलं. तिसऱ्या दिवशी छत्र्या तरंगल्या, कमान कमरेपर्यंत बुडाली, बंगल्याच्या दारातून पाणी आत शिरलं. आम्ही दोघी दगडांपाशी बसून बघत होतो. चौथ्या दिवशी दुपारी पाणी सात दगडांच्या पायाशी आलं, ओठ टेकवल्यासारखं टेकलं, आणि थांबलं. तिकडे बंगल्याच्या कठड्यावरचा गेरूचा पट्टा नुकता ओला झाला होता. मी ओरडले, नाचले, मायला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड गं, दहीभात सांडंल."

मागून जड घंटेचा आवाज आला. आबा उतारावरून मेंढरं घेऊन येत होते. ते दगडांपाशी आले, काठी टेकून बराच वेळ बुडालेल्या बंगल्याकडे बघत राहिले, मग पटका काढून घाम पुसला. "मायंदाळ पाणी," ते म्हणाले. आणि मायकडे न बघता, "आता अंगठा कुटं द्यायचा न्हाई द्यायचा, ते तुझं तू बघ. म्या इचारणार न्हाई." माफी मागायची आबांची पद्धत एवढीच. त्या रात्रीच्या मरळ माशाच्या कालवणाची चव सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

पुढचं सगळं जणू आपोआप झालं. किनारा आता आमच्या दारात होता, आणि ही बातमी फुकटात जिल्हाभर पोचली. ते गुरुजी पहिले आले. म्हणाले, "मुली, जिथं तू सांगशील तिथं मला प्लॉट दे." मग रीतसर मोजणी झाली, परवानग्या आल्या, नकाशा मी काढून घेतला. मायची अट एकच होती, सात दगडांच्या खाली एक वीटही लागणार नाही. पहिलं घर बशीरचाचांनी आमचंच बांधलं, बाल्कनीसकट. त्या बाल्कनीत माय पहिल्यांदा खुर्चीवर बसली तेव्हा पाण्यातून जुन्या बंगल्याचा फक्त कठड्यावरचा भाग दिसत होता. ती म्हणाली, "लई चांगला बांधलाय पर. मासं खुशीत असतील."

दोन वर्षांनी गोविंदशेठ आला. पांढरी पँट तीच, चष्मा मात्र नव्हता. त्याला प्लॉट हवा होता. मी त्याला मागच्या रांगेतला दाखवला, जिथून पाण्याचा थेंब दिसत नाही, आणि दाखवताना मला झालेला आनंद मी लपवला नाही. मायनं ते ऐकलं आणि मला आत बोलावून झापलं. "त्यानंच तुला चार माणसांत उभं ऱ्हायला शिकवलं. पुढचा दे." मी पुढचा दिला, आमच्या शेजारचा, पूर्ण भावात.

शेठ आता फार थकलाय, काठी घेऊन बाल्कनीत बसतो. माय होती तोवर तो रोज संध्याकाळी पलीकडून ओरडायचा, "वहिनी, पाणी कुठवर आलं?" आणि माय निवडण्याच्या ताटातून मान वर न करता म्हणायची, "जितवर यायचं तितवर." माय गेली त्या वर्षी त्याची ती हाक बंद झाली. परवा धरण पुन्हा काठोकाठ भरलं. मी दगडांना शेंदूर लावून, दहीभात ठेवून वर आले, तर पलीकडून तोच थकलेला आवाज आला, "पोरी, पाणी कुठवर आलं?"

"माझ्या मायच्या पायापर्यंत," मी म्हणाले. शेठनं बसल्या जागेवरून दोन्ही हात जोडले, आणि मी चहा टाकायला आत गेले.